परवडणारी घरे आणि मोफत घरे: एक खुलासा

परवडणाऱ्या घरांसाठी स्थानिक प्रशासनाने निधी द्यावा, या रहिवाशांच्या मागणीविषयी ‘करदात्यांच्या पैशातून मोफत घरे वाटणार’ असा संदेश फिरत आहे. तो चुकीचा आहे. मूळ निवेदनात मोफत वाटपाची मागणी कुठेही नाही. बांधकामाचा खर्च आणि कमी उत्पन्नाच्या कुटुंबाला झेपेल असे भाडे यांतील तफावत अंदाजपत्रकातून भरून काढावी, एवढेच त्यात मागितले आहे. ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्नाने 1923 मध्ये आलिशान घरांवर अधिक भार टाकणारा कर लावला आणि त्याच्या साहाय्याने 1934 पर्यंत सुमारे 60,000 सदनिका उभारल्या; तेथेही भाडेकरू भाडे देतच होते. करवाढीची शंका मात्र रास्त आहे, ती अंदाजपत्रकावरील चर्चेत जरूर मांडावी. ‘मोफत घरे’ वाटपाचा तो संदेश कृपया पुढे पाठवू नये आणि ज्या गटात पाठवला असेल तेथे हा खुलासा द्यावा.