शॉवर बदलून धार वाढत नाही!

शॉवरला धार येत नाही अशी तक्रार केली की येणारा प्रत्येक प्लंबर आधी शॉवरच बदलायला सांगतो, याचा आता मनापासून संताप येतो. छिद्रांत क्षार साचला असेल, तर शॉवर काढून काही तास व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवला की भागते. जुन्या घरात मात्र खरे दुखणे भिंतीच्या आत असते. जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाइपचा मुलामा झिजला की आतून गंजाचे थर चढत जातात, आणि अर्ध्या इंचाच्या पाइपात शेवटी पेन्सिलही जाणार नाही एवढीच वाट उरते. त्यातच टाकी शॉवरच्या जेमतेम 3 मीटर वर असेल, तर मुळात दाबच मिळतो सुमारे 0.3 बार (बार हे दाबाचे एकक), म्हणजे अगदीच कमी. अशा पाइपांवर प्रेशर पंप बसवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, आणि वाढलेल्या दाबाने गंजलेले सांधे गळू लागले की सल्ला देणारा पुन्हा फिरकत नाही. शॉवर काढून उघड्या तोंडाखाली बादली लावली आणि ती किती वेळात भरते ते पाहिले, तरी दोष शॉवरचा की पाइपचा हे कळते. पण एवढी साधी तपासणीसुद्धा कोणी करत नाही!