‘ऑनलाइन पदवी म्हणजे रद्दी’? मेसेजमधला एकेक दावा तपासू

बारावीचा निकाल लागला की गोव्यातल्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत एक मेसेज हमखास फिरतो. त्यात म्हटलेलं असतं: ऑनलाइन किंवा दूरस्थ पदवी सरकारी नोकरीत चालत नाही, पेपर घरी पुस्तक उघडून लिहितात, अर्ध्यावर सगळेच सोडतात आणि आपल्या गावांत रेंज नाही, म्हणून या शिक्षणाला भविष्य नाही. कोविडमधले झूमवरचे वर्ग, मोफत कोर्सची प्रमाणपत्रं, इग्नू या केंद्रीय मुक्त विद्यापीठासारखं दूरस्थ शिक्षण आणि पूर्ण ऑनलाइन पदवी या चार वेगळ्या गोष्टी मेसेजवाल्याने एकाच पिशवीत कोंबल्या आहेत.

‘नोकरीत चालत नाही.’ चुकीचं. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२० च्या विनियमांतला २२ वा विनियम मान्यताप्राप्त दूरस्थ आणि ऑनलाइन पदवीला नियमित पदवीच्या बरोबरीची धरतो. सप्टेंबर २०२२ मध्ये आयोगाने हे पुन्हा जाहीर केलं. मात्र मान्यता नुसती विद्यापीठाला असून भागत नाही. ती त्या अभ्यासक्रमाला, त्या पद्धतीला आणि तुम्ही प्रवेश घेता त्या सत्राला हवी.

गोवेकर फसतो तो इथेच. बाजारातल्या एखाद्या गाळ्यात परराज्यातल्या विद्यापीठाचं ‘अभ्यास केंद्र’ उघडतं. राज्य किंवा खाजगी विद्यापीठाला दूरस्थ अभ्यासक्रम आपल्या राज्याबाहेर चालवता येत नाही, आणि केंद्र दुसऱ्याला फ्रँचायझीवर देणं तर कुठेच चालत नाही. इग्नूचं कार्यक्षेत्र देशभर आहे. मान्य ऑनलाइन पदवीलाही राज्याची हद्द लागत नाही. म्हणून फी भरण्याआधी यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर विद्यापीठ, वर्ष, सत्र आणि अभ्यासक्रम ही चारही नावं जुळवून पाहा. डिजिलॉकरवरून एबीसी आयडी (तुमच्या क्रेडिटच्या खात्याचा क्रमांक) काढा, मग डेब आयडी, म्हणजे याच दूरस्थ शिक्षण विभागाचा विद्यार्थी क्रमांक. २०२४ पासून त्याशिवाय प्रवेश ग्राह्य धरत नाहीत. ‘आयडी नंतर बघू, आधी पैसे भरा’ असं कुणी म्हणालं तर तिथून उठा.

अभियांत्रिकी, नर्सिंग, फार्मसी, कायदा, हॉटेल मॅनेजमेंट हे विषय दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने पदवीला शिकवायला परवानगीच नाही. २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्रही त्या यादीत गेलं. बदनामीचं एक मूळही इथेच आहे: चार अभिमत विद्यापीठांनी परवानगीविना दिलेल्या दूरस्थ अभियांत्रिकी पदव्यांवर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१७ मध्ये कडक निकाल दिला होता.

‘पेपर घरी बघून लिहितात.’ इग्नूची सत्रान्त परीक्षा केंद्रावर, पर्यवेक्षकासमोर होते. बहुतेक विषयांत तिला ७० टक्के गुण, असाइनमेंटना ३०. एनपीटेलचा (आयआयटींच्या ऑनलाइन उपक्रमाचा) कोर्स मोफत असला तरी प्रमाणपत्राची परीक्षा केंद्रात जाऊनच द्यावी लागते. तिथे ७५ पैकी किमान ३० आणि असाइनमेंटमध्ये २५ पैकी किमान १० गुण लागतात. पूर्ण ऑनलाइन पदवीत घरून परीक्षा असते तिथेही कॅमेरा चालू आणि पडदा नोंदवला जातो.

मेसेजमध्ये तथ्य आहे ते एवढंच, की इग्नूच्या सोडवलेल्या असाइनमेंट बाजारात विकत मिळतात. त्या उतरवून ३० टक्क्यांचा भाग निघेल, पण लेखी परीक्षेत वेगळं पास व्हावंच लागतं.

‘कुणीच पूर्ण करत नाही.’ हार्वर्ड आणि एमआयटीच्या मोफत कोर्समध्ये २०१७-१८ साली नाव नोंदवणाऱ्यांपैकी जेमतेम ३ टक्क्यांनी कोर्स पुरा केला, हे खरं. पण पैसे भरून प्रमाणपत्रासाठी बसलेल्यांत तो आकडा ४६ टक्के होता. फुकट नाव घालणारे आणि पदवीचे विद्यार्थी एका ओळीत मोजायचेच कशाला?

गळती होते ती हिशेब न केल्याने. इग्नूत एक क्रेडिट म्हणजे ३० तास अभ्यास. सत्राला २० क्रेडिट घेतले तर ६०० तास, म्हणजे २४ आठवडे आठवड्याला २५ तास. हॉटेलात शिफ्ट करणाऱ्याला ते झेपत नाही. त्याने तीन वर्षांच्या पदवीला सहा वर्षांपर्यंत मिळणारी मुदत वापरावी. परीक्षा जून आणि डिसेंबरात असतात. वार्षिक पद्धतीत जानेवारीचा प्रवेश म्हणजे पहिली परीक्षा डिसेंबरात, ऐन पर्यटनाच्या सीझनमध्ये, जेव्हा कळंगुटला रजा मागणंसुद्धा अवघड. त्यापेक्षा जुलैचा प्रवेश बरा. आणखी एक: प्रवेशाची फी भरली म्हणून परीक्षेचा फॉर्म आपोआप भरला जात नाही. तो वेगळा, फीसुद्धा वेगळी. असाइनमेंट तयार आणि फॉर्म राहिला, अशा कारणाने सहा महिने वाया जातात.

‘गावात रेंज नाही.’ सत्तरी, सांगे, काणकोण तालुक्यांत २०२० साली मुलं रेंजसाठी डोंगरावर बसली, ते कुणी नाकारणार नाही. पण तो त्रास थेट वर्गाचा होता. दूरस्थ अभ्यासाला सतत जोडणी लागत नाही. इग्नूचं साहित्य पीडीएफमध्ये उतरवता येतं, स्वयंप्रभाच्या शैक्षणिक वाहिन्या डिशवर दिसतात, आणि गोवा विद्यापीठाच्या अभ्यासक्रमावरची व्याख्यानं उच्च शिक्षण संचालनालयाच्या ‘दिश्टावो’ उपक्रमात आहेत. तासाभराचा व्हिडिओ ३६० पी वर साधारण ३०० एमबी खातो, ७२० पी वर त्याच्या तिप्पट-चौपट. फळा वाचता आला म्हणजे पुरे. रेंज मिळते तिथे आठवड्याचं एकदम उतरवून घ्या.

घरून परीक्षा असेल तर मात्र पावसाळ्यातली वीज ही खरी अडचण. लॅपटॉप बॅटरीवर तगतो, राउटर बंद पडतो. राउटर १२ व्होल्टचा असेल तर छोटा डीसी यूपीएस घ्या. खरेदीआधी राउटरच्या अ‍ॅडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचा, आणि फायबरचा डबा वेगळा असेल तर त्यालाही वीज लागते हे ध्यानात ठेवा.

भविष्याबद्दल म्हणाल तर प्रयोगशाळा आणि वॉर्ड घरी येणार नाहीत, कॉलेजं राहतील. पण २०२१ च्या विनियमांनुसार सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय ‘स्वयम्’ या केंद्र सरकारच्या ऑनलाइन कोर्सच्या व्यासपीठावरून घेता येतात. फक्त कुठले कोर्स चालतील ते कॉलेजकडून नोंदणीआधी लेखी घ्या. नाहीतर प्रमाणपत्र हातात येतं आणि गुणपत्रिकेत क्रेडिट चढत नाहीत.