डबीतल्या मिक्स क्रीमबद्दल खुलासा
"फार्मसीत मिसळून दिलेलं क्रीम फ्रिजमध्ये ठेवलं की ट्यूबवरच्या तारखेपर्यंत चालतं" असा मेसेज फिरतोय, सोसायटीच्या ग्रुपवर मीच तो टाकला होता, सॉरी. ती तारीख बंद ट्यूबची असते. दोन क्रीमं मिसळली की प्रिझर्व्हेटिव्ह (जंतू वाढू न देणारा घटक) पातळ होतं, शिवाय डबीत आपण रोज बोट घालतो ते वेगळंच. अमेरिकेच्या यूएसपी (औषधांची मानकं ठरवणारी संस्था) नियमात, वेगळी स्टॅबिलिटी टेस्ट (औषध किती दिवस चांगलं राहतं याची चाचणी) केलेली नसेल तर, पाणी असलेल्या प्रिझर्व्हेटिव्हवाल्या क्रीमला बनवल्यापासून जास्तीत जास्त ३५ दिवस दिलेत. हायड्रोक्विनोन (काळे डाग फिके करायचं औषध) तर हवेनं तपकिरी पडतं, माझ्या डबीत कडेला चहाच्या कपासारखी रिंग आली होती. आणि फ्रिजमध्येही काही क्रीमं फुटतात, पाणी सुटतं. डबीवर तारीख नसेल तर फार्मासिस्टकडून लिहून घ्या, आणि तो मेसेज प्लीज पुढे पाठवू नका.