कुऱ्हाडे दोनदा, काळे आधी

काळ्या पडद्यावर, म्हणजे टर्मिनलमध्ये कमांड टाइप करून, काम करणारा माणूस सोसायटीत फार दिवस लपून राहत नाही. कोणीतरी चुकून आलेलं पार्सल द्यायला दारात येतं, आत लॅपटॉपवर अक्षरं भराभर वर सरकताना बघतं, आणि आठवड्याभरात ए विंगपासून सी विंगपर्यंत बातमी पोचते की याला "कम्प्युटरचं आतलं" येतं. मग वायफाय, प्रिंटर आणि कोणाच्या तरी मेहुण्याचं हॅक झालेलं फेसबुक हे सगळं आपल्या खात्यावर जमा. त्याबद्दल तक्रार नाही. पण यंदा व्यवस्थापक समितीची निवडणूक लागली आणि सेक्रेटरीकाका पेन ड्राइव्ह घेऊन घरी आले. सभासदांची यादी अकारविल्हे लावायची, दुबार नावं काढायची आणि सोमवारी बोर्डावर लावायची. "तुला काय, एक बटण दाबलं की झालं."

(पुढची आडनावं बदललेली आहेत. अक्षरांची भांडणं खरी आहेत.)

फाइलचं नाव होतं "सभासद यादी फायनल नवीन (२) खरी". शेलला, म्हणजे टाइप केलेल्या कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅमला, नावात मोकळी जागा दिसली की त्याच्या लेखी एक शब्द संपून दुसरा सुरू होतो. म्हणजे आपण मागतो एक फाइल, त्याला ऐकू येतात सहा. त्यात कंस आला की तो पुढे जायलाच नकार देतो. यावर उतारा म्हणजे टॅब. नावाची पहिली दोन-तीन अक्षरं लिहायची आणि टॅब दाबायचा. उरलेलं सगळं, लागतील तिथे उलट्या तिरक्या रेघांसकट, शेल स्वतः भरतो. टॅब ही काही कमांड नव्हे, पण टर्मिनलवरचं बाकी सगळं काढून घेतलं आणि एकच गोष्ट ठेवायला सांगितली, तर मी टॅब ठेवीन.

लिब्रेऑफिसमधून यादीची सीएसव्ही, म्हणजे ओळीला एक नोंद असलेली साधी मजकूर-फाइल, करून घेतली आणि "डब्ल्यूसी मायनस एल" मारलं. ही कमांड ओळी मोजते, बाकी काही विचारत नाही. फ्लॅट ९६, ओळी १४२.

"वाढलीय सोसायटी," काका म्हणाले.

दुबार ओळी काढायला युनिक. पण युनिकची दृष्टी शेजारच्या ओळीपलीकडे जात नाही; दोन सारखी नावं लांब लांब असली तर त्याला पत्ताच नसतो. म्हणून आधी ओळी क्रमाने लावणारा सॉर्ट, मग पाइप, मग युनिक. एका कमांडचा निकाल सरळ दुसरीच्या पुढ्यात टाकणारी ही पाइपची उभी रेघ डग मॅकिलरॉय यांच्या डोक्यातून निघाली आणि १९७३ साली युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये आली. तेव्हापासून ती तश्शी चालू आहे. आमच्या इमारतीच्या पाइपांबद्दल असं बोलता येणार नाही.

तरीही डोळ्यांना सारखी दिसणारी नावं दोन-दोनदा येत होती. अर्ध्या ओळींच्या शेपटीला विंडोजचा कॅरेज रिटर्न, ओळ संपल्याची एक न दिसणारी खूण, लटकलेला होता, तो "टीआर मायनस डी"ने उडवला. काहींच्या शेवटी टाइप करणाऱ्याने स्पेस मारून ठेवले होते, ते सेड या शोधून बदलणाऱ्या कमांडने पुसले. पुन्हा सॉर्ट, पुन्हा युनिक. ९७.

एक जास्त. शोधलं, तर कुऱ्हाडे दोनदा. नाव तेच, फ्लॅट तोच, आणि कुठली ओळ किती वेळा आली ते सांगणारा युनिक मायनस सी दोघांसमोर एक-एक आकडा लावून मोकळा. कीबोर्डवर "कुऱ्हाडे" टाइप करून ग्रेप या शोधणाऱ्या कमांडला दिलं, तर त्याला एकच सापडले.

काकांचा चेहरा उतरला. "एका फ्लॅटला दोन मतं? समोरच्या पॅनेलला कळलं तर बोगस मतदार म्हणून बोंब मारतील."

अशा वेळी एक्सएक्सडी. फाइलमधला एकेक बाइट ती उघडा करून दाखवते. पहिले कुऱ्हाडे २४ बाइटचे निघाले, दुसरे २७ चे. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये साठवायच्या पद्धतीत, तीन बाइट घेतं, म्हणजे दुसऱ्यांत एक चिन्ह जास्त होतं. पहिल्यांत ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि त्याचा पाय मोडलेला. दुसऱ्यांत साधा र, त्याचा पाय मोडलेला, आणि मागे "ई२ ८० ८डी" असा शून्य रुंदीचा एक अदृश्य जोडक. पडद्यावर दोघंही हुबेहूब कुऱ्हाडे. यादीचा निम्मा भाग कोणीतरी एका कीबोर्डने टाइप केला होता, उरलेला दुसऱ्याने.

गंमत अशी की ग्रेप लिहिणारे केन थॉम्पसन आणि यूटीएफ-८ ची आखणी करणारे केन थॉम्पसन एकच. १९९२ साली न्यू जर्सीतल्या एका डायनरमध्ये, सहकारी रॉब पाइक समोर बसलेले असताना, टेबलावरच्या कागदी मॅटवर त्यांनी ती आखणी केली. तो कागद नसता तर मराठी यादी ग्रेपमधून अशी सुखाने गेली नसती. ऱ्ह दोन तऱ्हांनी लिहिण्याची सोय मात्र प्रत्येक लिपीच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या युनिकोडची; तिचा दोष त्या टेबलाकडे जात नाही.

सेडने र, हलन्त (पाय मोडायचं चिन्ह) आणि जोडक या तिघांच्या जागी ऱ आणि हलन्त बसवले. ९६.

"सेव्ह कर, सेव्ह कर," म्हणत काकांनी खांद्यावरून हात घालून स्वतःच कंट्रोल-एस दाबलं. टर्मिनल गोठलं. कंट्रोल-एस म्हणजे टेलिटाइपच्या, म्हणजे तारेवरून टाइप करणाऱ्या यंत्रांच्या, जमान्यातला "जरा थांब" हा संकेत. तो मिळाला की पडद्यावर एक अक्षर उमटत नाही. काका पांढरेफटक पडून हात मागे घेत म्हणाले, "मी काही केलं नाही हं." कंट्रोल-क्यू दाबलं की सगळं पुन्हा वाहू लागतं, हे मी त्यांना लगेच सांगितलं नाही. चहा यायचा होता.

आता अकारविल्हे. माझ्या लॅपटॉपचं लोकेल, म्हणजे भाषेची सेटिंग, "सी" आहे, म्हणजे सॉर्ट युनिकोडच्या क्रमांकांप्रमाणे चालतो. युनिकोडने ळ ला ल च्या शेजारी बसवलंय, व च्या आधी. आपल्या वर्णमालेत तो ह नंतर. परिणामी काळे आले कावळ्यांच्या आधी. काळे समोरच्या पॅनेलचे. काकांना हे अजिबात चालणार नव्हतं.

ह नंतर आणि काना-मात्रांच्या आधी युनिकोडमध्ये अवग्रह येतो, तो ऽ. आडनावात तो कोणी लावत नाही. तेव्हा सेडने सगळे ळ काढून ऽ घातले, सॉर्ट केलं आणि परत ऽ चे ळ केले. मधल्या पायरीला काकांनी नेमका पडदा पाहिला.

"हे काऽे कोण? आणि सगळ्यांच्या वेलांट्या कुठे गेल्या?"

टर्मिनल प्रत्येक अक्षराला एक ठरावीक खण देतं. आमची वेलांटी त्या खणात मावत नाही, म्हणून शेजारच्याच्या दारात जाऊन बसते. फाइलमध्ये सगळं जागेवर असतं. हे मी समजावलं. काकांनी मान हलवली आणि छापील प्रत हातात येईपर्यंत विश्वास ठेवला नाही.

क्ष ला मी हात लावला नाही. युनिकोड त्याला वेगळं अक्षर मानत नाही; क, हलन्त, ष एवढंच. त्यामुळे क्षीरसागर क च्या शेपटाला, खऱ्यांच्या आधी आले. यादी लागली त्या संध्याकाळी क्षीरसागरकाकू बोर्डापुढे उभ्या होत्या. "लग्न झाल्यापासून प्रत्येक यादीत मी शेवटची. रेशन असो की भिशी. आता मधे आलेय, तर कोणी हलवायचं नाही." जोशीबुवांनी तिथेच मुद्दा काढला की वर्णमालेप्रमाणे क्ष शेवटीच हवा, आणि आवाज चढले.

सेक्रेटरीकाकांनी विषय सर्वसाधारण सभेच्या अजेंड्यावर घेतला आहे: "क्ष चे यादीतील स्थान निश्चित करणे." सूचक काकू. अनुमोदक अजून मिळायचा आहे.