पडद्यामागचे तेंडुलकर

विजय तेंडुलकरांचा विषय निघाला की गाडी 'घाशीराम', 'सखाराम' या नाटकांवर जाते आणि तिथेच थांबते. त्यांनी सिनेमेही लिहिले, हे कुणीतरी जाता जाता सांगतं. मला हे फार खटकतं. 'सामना', 'निशांत', 'मंथन', 'सिंहासन', 'आक्रोश', 'उंबरठा', 'अर्धसत्य'. एवढं काम एका माणसाचं, तेही साधारण दहा वर्षांतलं!

आता गंमत बघा. 'निशांत'चे संवाद सत्यदेव दुबेंचे. 'मंथन'चे कैफी आझमींचे. 'अर्धसत्य'ची मूळ कथा श्री. दा. पानवलकरांची, संवाद वसंत देवांचे. मग तेंडुलकरांनी केलं काय? हा प्रश्न मला चांगल्या वाचणाऱ्या माणसांनीही विचारलाय. लेखक म्हणजे टाळ्या घेणारी वाक्यं लिहिणारा, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. (मालिकांच्या सुरुवातीला कथा, पटकथा, संवाद अशी वेगवेगळी नावं येतात, आपण ती वाचतो तरी का?) 'मंथन'साठी तेंडुलकरांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो पटकथेसाठी, म्हणजे कुठला प्रसंग कधी आणि कसा येणार या मांडणीसाठी.

'आक्रोश' (१९८०) घ्या. लहान्या भिकूवर बायकोच्या खुनाचा आरोप. वकील परोपरीने विचारतोय, आणि हा माणूस तोंडच उघडत नाही. ज्याची गोष्ट आहे तोच गप्प! संवादांवर एवढी हुकमत असलेल्या नाटककाराने नायकाच्या तोंडचे शब्दच काढून घेतले. त्यामुळे वकिलाला बाहेर शोधावं लागतं आणि त्याच्याबरोबर आपल्यालाही. गावातली कोण कोण माणसं कशात अडकलीत, हे हळूहळू उलगडत जातं. शेवटी बापाच्या चितेपाशी, पोलिसांच्या पहाऱ्यात आणलेला लहान्या कुऱ्हाड उचलतो आणि स्वतःच्या बहिणीलाच मारतो. का, ते कुणी समजावून सांगत नाही. तोवर पाहिलेलं सगळं एका क्षणात जुळतं आणि पोटात गोळा येतो. ओम पुरींचा अभिनय आणि गोविंद निहलानींचं दिग्दर्शन थोर आहेच, पण काय दडवायचं आणि कधी उघडं करायचं, ही मांडणी लेखकाची आहे. माझ्या मते ती त्यांच्या कुठल्याही नाटकाच्या तोडीची आहे.

दूरदर्शनसाठी तेंडुलकरांनी 'स्वयंसिद्धा' ही मालिका लिहिली, तिच्याबद्दल तर आज कुणी बोलतही नाही.

पटकथा शिकवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: मुलांना आधी 'आक्रोश' दाखवा आणि लहान्या बोलत नाही तेव्हा गोष्ट पुढे कोण नेतं, ते प्रसंगागणिक लिहून काढायला सांगा. संवाद कसे लिहायचे, ते नंतर शिकवा.