‘बारा लाखांपर्यंत टॅक्स नाही, मग माझ्याकडून सहा हजार कसले?’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार दादा,

एक स्टार देऊन तुम्ही लिहिलंय की बारा लाखांपर्यंत टॅक्स नाही हे साऱ्या गावाला माहीत आहे, फक्त आम्हाला नाही. रिफंड राहिला बाजूला, उलट सहा हजार भरायला लावले. शेजाऱ्यांना मात्र दुसऱ्या एकाने पंचावन्न हजार परत मिळवून दिले. आणि एका आयकर रिटर्नसाठी आमच्या ऑफिसात तीन फेऱ्या झाल्या.

आधी फेऱ्यांचं बोलतो, कारण ती चूक सरळसरळ आमची आहे. पहिल्या दिवशी काउंटरवर तुम्हाला नुसता फॉर्म 16, म्हणजे पगार आणि त्यातून कापलेल्या टॅक्सचा कंपनीचा दाखला, मागितला. दुसऱ्या दिवशी बँकेच्या व्याजाचा दाखला आणि तिसऱ्या दिवशी पतसंस्थेचं पासबुक. मुदत 31 जुलैवरून 15 सप्टेंबरवर गेली होती, त्यामुळे शेवटच्या आठवड्यात जिन्यापर्यंत रांग होती हे खरं. पण रांग आमची, खाडे तुमचे झाले. हे तिन्ही कागद पहिल्याच दिवशी सांगायला हवे होते. त्याबद्दल मनापासून माफी मागतो. आता काउंटरवर छापील चिठ्ठी ठेवली आहे, येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात ती आधी पडते.

आता बारा लाखांचं. दादा, तुम्ही ऐकलंत ते खोटं नाही, पण ते ज्या वर्षाला लागू आहे ते वर्ष तुमच्या त्या रिटर्नमध्ये नव्हतंच. 1 फेब्रुवारी 2025 च्या बजेटमध्ये जे जाहीर झालं, ते 1 एप्रिल 2025 पासून कमावलेल्या पैशाला. सप्टेंबरमध्ये आपण रिटर्न भरलं ते त्याच्या आधीच्या वर्षाचं, म्हणजे एप्रिल 2024 ते मार्च 2025 मधल्या कमाईचं. गेल्या हंगामात विकलेल्या ज्वारीला यंदाचा भाव कोण देईल?

यात तुमचा दोष नाही. त्या फॉर्मवर ठळक छापलेलं असतं ‘कर निर्धारण वर्ष 2025-26’, आणि बजेटच्या बातमीतही 2025-26 च. आकडा एकच, पण बातमीतलं कमाईचं वर्ष आणि फॉर्मवरचं हिशेब तपासायचं वर्ष. या एका आकड्यावरून यंदा आमच्याकडे रोज दोन-चार जण भांडून गेले. 1 एप्रिल 2026 पासूनच्या नव्या आयकर कायद्यात ‘कर निर्धारण वर्ष’ काढून सरळ ‘कर वर्ष’ हा एकच शब्द ठेवलाय. फार आधी व्हायला हवं होतं असं माझं मत आहे.

तुमचे आकडे इथे चारचौघांत मांडणार नाही, गोल आकडे घेतो. समजा पगार 9,00,000. नव्या करपद्धतीत 75,000 ची प्रमाणित वजावट, म्हणजे प्रत्येक पगारदाराला मिळणारी ठरावीक सूट, गेली, उरले 8,25,000. त्या वर्षी 3 लाखांपर्यंत काही नाही, 3 ते 7 लाखांवर 5 टक्के, 7 ते 10 वर 10 टक्के. झाले 32,500, त्यावर 4 टक्के सेस (उपकर), एकूण 33,800. कंपनीने पगारातून तेवढेच कापले. इथपर्यंत हिशेब फिटला.

पण याच माणसाच्या दोन बँकांत एफडी आहेत, प्रत्येकीचं वर्षाचं व्याज 30,000. त्या वर्षी एका बँकेतलं व्याज 40,000 च्या आत असलं की बँक टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा टॅक्स, कापत नव्हती. कंपनीला तर या ठेवींचा पत्ताच नाही. म्हणजे 60,000 वर कुणीच काही कापलं नाही. ते धरले की करपात्र उत्पन्न 8,85,000, कर सेससकट 40,040. कापलेले 33,800 वजा केले की राहिले 6,240. टीडीएस कापला नाही म्हणजे टॅक्स लागत नाही, असं नसतं. सोलापुरात पतसंस्थेत ठेव नाही असं घर शोधावं लागेल, आणि 31 मार्चला पासबुकात पडलेली व्याजाची ती ओळ जवळजवळ प्रत्येक जण सांगायला विसरतो. मी तुमच्यासमोर लाल पेनाने गोल केली होती ती हीच ओळ. गोल केला, समजावलं मात्र नाही, घाई केली. बँकांचं व्याज एआयएसमध्ये, म्हणजे तुमच्या वर्षभराच्या व्यवहारांच्या सरकारी यादीत, आयकर विभागाला आधीच दिसतं. आपण सोडलं असतं तर आज ना उद्या पोर्टलवर विचारणा आलीच असती.

शेजाऱ्यांचे कागद मी पाहिलेले नाहीत, म्हणून त्यांच्याबद्दल बोलणार नाही. जुन्या करपद्धतीत घरभाडं, गृहकर्ज, 80सी (विमा, पीएफसारखी बचत) दाखवून रिफंड रीतसर येऊ शकतो. पण टक्केवारीवर रिफंड काढून देणाऱ्यांपासून जपा. एक गृहस्थ माझ्याकडे नोटीस घेऊन आले होते, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. त्यांच्या रिटर्नमध्ये एका पक्षाला 80,000 देणगी दाखवली होती. ‘मी तर वर्गणीलासुद्धा एवढे दिले नाहीत हो,’ म्हणत ते खुर्चीत बसून राहिले. कमिशन घेणाऱ्याचा फोन बंद होता. रिटर्नखाली नाव त्यांचं, त्यामुळे रक्कम व्याजासकट त्यांनीच भरली. अशा खोट्या वजावटींवर दंड वाचलेल्या कराच्या 200 टक्क्यांपर्यंत जातो. जुलै 2025 मध्ये विभागाने यावरून देशभर तपासणी केली. असा रिफंड मी कुणाला काढून देणार नाही, मग पाचही स्टार गेले तरी चालतील.

तुमच्यासाठी चांगली बातमी पुढच्या रिटर्नमध्ये आहे. एप्रिल 2025 पासूनच्या कमाईला, नव्या पद्धतीत 12 लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर ती सूट लागू आहे. वरच्या उदाहरणातला माणूस तेव्हा शून्यावर येईल. शेअर विकून झालेल्या नफ्याला मात्र ती लागत नाही, तसं काही असेल तर आधी सांगा. आणि कर शून्य झाला तरी रिटर्न भरायचंच, नाहीतर कापलेला टीडीएस परत येत नाही.

तुमच्या रिटर्नची प्रत आणि एआयएस मी काढून ठेवलं आहे. रविवारी सकाळी 10 ते 1 ऑफिसात मी एकटाच असतो. या, ओळ न् ओळ समोर ठेवून बोलू. आमच्याकडून काही जास्त धरलं गेलं असेल तर 31 डिसेंबर 2025 पर्यंत, म्हणजे गड्ड्याची जत्रा भरायच्या आत, रिटर्न सुधारून देतो, त्याची फी नाही. टोकन घेऊ नका, थेट आत या.