स्वप्नं भिंतीवर टिकवण्याची कृती

व्हिजन बोर्ड, म्हणजे नव्या वर्षाच्या स्वप्नांची चित्रं लावायचा फलक, डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यातच करायला घ्या. त्याआधी घेतलात तर हाताशी वेळ उरतो, आणि उरलेल्या वेळात एखादं खरं काम होऊन बसण्याची भीती असते.

आधी सामान. सॉफ्ट बोर्ड 2 बाय 3 फुटांचा घ्या. लहान बोर्डावर चार-पाचच चित्रं मावतात, मग निवड करावी लागते, आणि निवड आली की काहीतरी सोडणं आलं. मोठ्या बोर्डावर परदेशवारी, सिक्स पॅक, गिटार, जर्मन भाषा, सेंद्रिय शेती आणि मनःशांती गुण्यागोविंदाने नांदतात. चिकटवायला फेविकॉल नको. त्यात पाणी असतं, पातळ कागद ते पितो, फुगतो आणि स्वित्झर्लंडला सुरकुत्या पडतात. ग्लू स्टिक किंवा पुशपिन बरी. बोर्ड डबल साइडेड टेपने भिंतीला लावलात तर मार्चच्या आत तो डिस्टेंपरच्या पोपड्यांसकट खाली येतो. ड्रिलने भोक पाडा, प्लग ठोका, स्क्रू पिळा. वर्षभरात निदान एक काम तरी तडीस गेल्याचं समाधान मिळेल. घरच्या इंकजेटवर छापलेली चित्रं पश्चिमेच्या उन्हात लावू नका. शाई विटते, आणि सिक्स पॅकच्या रेषा पुसट होत होत पोट पूर्वपदावर येतं.

आता मुख्य चित्र: घर. रविवारच्या पेपरात अख्खं पान भरून टॉवर असतो, खाली जलतरण तलाव, कडेला ‘कलाकाराच्या कल्पनेतील चित्र’ असं मुंगीएवढ्या अक्षरांत. त्याच पानावर महारेराचा, म्हणजे घरबांधणी प्रकल्पांवर नजर ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक आणि, 2023 पासून, क्यूआर कोडही असतो. कोड स्कॅन केला की प्रकल्पाची नोंद, मंजुऱ्या, ताब्याची तारीख, सगळं समोर येतं. म्हणून कात्री बरोबर त्याच्यावरून फिरवा. तलाव ठेवा, कोड रद्दीत टाका.

बोर्डावर आकडे तर चुकूनही नकोत. समजा पुण्यात 80 लाखांचा, बांधकाम सुरू असलेला फ्लॅट आहे. 60 लाख कर्ज मिळालं तरी स्वतःचे 20 लाख लागतात. वर 5 टक्के जीएसटीचे 4 लाख, पुरुषाच्या नावावर घेतला तर 7 टक्के मुद्रांक शुल्काचे 5 लाख 60 हजार आणि नोंदणीचे 30 हजार. म्हणजे चावी हातात येण्याआधी खिशातून जवळपास 30 लाख जाणार. कर्ज साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षांसाठी घेतलं तर हप्ता महिन्याला सुमारे 52 हजार. हा हिशेब एका पोस्टकार्डावर मावतो. पण तो टाचला की लोक भलतंच करतात, आवर्ती ठेव वगैरे उघडतात. तलावाच्या निळ्या रंगाशीही तो जात नाही.

स्पर्धा परीक्षावाल्यांनी लाल दिव्याची गाडी लावावी. वाहनांवरचे लाल दिवे 1 मे 2017 पासून बंद झाले, ही तर सोयच आहे: जे कुणालाच मिळत नाही ते आपल्याला मिळालं नाही म्हणून कोण विचारणार? राज्यसेवेची मुख्य परीक्षा 2025 पासून वर्णनात्मक झाली असली, तरी ‘रोज एक उत्तर, हाताने, वेळ लावून’ असा तक्ता मात्र बोर्डाच्या आसपास फिरकू देऊ नका. ट्रेकवाल्यांनी एव्हरेस्टचं शिखर लावावं आणि खाली ‘बेस कॅम्प’ लिहावं. 5,364 मीटरवरच्या त्या बेस कॅम्पवरून शिखर दिसत नाही, पण सिंहगड आतकरवाडीतून चढताना ज्यांना तीनदा बसावं लागतं त्यांनी या तपशिलात शिरू नये.

काही विघ्नसंतोषी मंडळी मध्येच संशोधन काढतील. 1999 मध्ये फॅम आणि टेलर या संशोधकांनी विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. परीक्षेआधी काहींना उत्तम गुण मिळाल्याचं दृश्य डोळ्यांसमोर आणायला सांगितलं, काहींना अभ्यासाला बसल्याचं: जागा, वेळ, पुस्तक, सगळ्यासकट. दुसऱ्या गटाने अभ्यासही जास्त केला आणि गुणही जास्त मिळवले. धडा सरळ आहे. बोर्डावर निकालच लावा. पहाटे साडेपाचचं घड्याळ, दाराजवळचे बूट, जर्मनच्या वहीचं पान असली चित्रं लावलीत तर ती खरी होऊ शकतात.

बोर्ड पुरा झाला की फोटो काढून स्टेटसला ठेवा. मावशी ‘छान गं’ म्हणेल, शाळेचा ग्रुप टाळ्या वाजवेल, आणि घर घेतल्याचं निम्मं कौतुक बयाण्याआधीच पदरात पडेल. उरलेलं निम्मं पुढच्या जानेवारीसाठी राखून ठेवायचं असेल तर साल लिहिताना एक काळजी घ्या. पहिले तीन आकडे पक्के चिकटवा आणि शेवटचा तेवढा पिनेवर ठेवा. 9 पर्यंतचे आकडे एकाच बैठकीत कापून पाकिटात ठेवले की 2029 पर्यंत कात्रीला हात लावायला नको. 2030 ला मात्र दोन आकडे बदलावे लागतील.